'भेट' किंवा 'देणगी' असा अर्थ असलेली मुलींची फ्रेंच नावे: कोणती खरी, कोणती नुसती मानलेली?

दूरदेशी यांचा प्रश्न

नमस्कार. माझे पती फ्रेंच असून आम्ही लिऑं येथे राहतो. लवकरच आमच्या घरी मुलगी येणार आहे. तिचे नाव फ्रेंच असावे आणि त्या नावाच्या पोटात 'भेट', 'देणगी' किंवा 'दिलेली' असा अर्थ असावा, इथपर्यंत आम्हा दोघांचे एकमत झाले आहे. त्यापुढे मात्र घोडे अडले आहे.

अडचण अशी की, बाळांच्या नावांच्या ज्या याद्या जागोजागी सापडतात, त्यांत 'ईश्वराची देणगी' हा अर्थ प्रसादासारखा सर्वांना वाटून टाकलेला दिसतो. दोरोते, तेआ, झान, नाताली, मातिल्द, झिझेल, दोरिआन, झोझेफिन ही सगळीच नावे एका ओळीत, एकाच अर्थाने दिलेली असतात. परवा सासूबाईंनी यादी पाहिली आणि "नातालीचा संबंध नाताळाशी आहे, भेटीशी नाही" असे ठामपणे सांगितले. तेव्हापासून उरलेल्या नावांवरचाही माझा विश्वास उडाला आहे.

यापैकी कोणत्या नावांत व्युत्पत्तीने खरोखर 'देणे' आहे, हे कोणी जाणकार सांगेल का? शिवाय आजच्या फ्रान्समध्ये ही नावे कानाला कशी लागतात, आजीच्या पिढीची वाटतात की शाळेतल्या मुलीची, हेही जाणून घ्यायचे आहे. आम्ही दोघेही फारसे धार्मिक नाही. नावात देव असला तर हरकत नाही, पण देव नसलेले आणि देणगी असलेले एखादे नाव मिळाले तर अधिक आवडेल.

शब्दमूळ यांचे उत्तर

तुमच्या सासूबाईंचे म्हणणे अगदी बरोबर आहे. नाताली हे नाव लॅटिनमधील 'नातालिस', म्हणजे 'जन्मासंबंधीचा', या विशेषणावरून आले असून ख्रिस्ती परंपरेत ते ख्रिस्तजन्माच्या दिवसाशी जोडले गेले. आपला 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीजमार्गे त्याच मुळातून आलेला आहे. नोएल हे नावही अर्थाने तिचेच सख्खे भावंड. नाताळात भेटवस्तू देतात म्हणून 'नाताळची भेट' असा अर्थ कोणीतरी ओढून काढला असावा. हिब्रूतील 'नातान', म्हणजे 'त्याने दिले', या शब्दाशी असलेल्या अक्षरसाम्यानेही गोंधळात भर घातली असावी.

आता ज्यांत देणगी खरोखर आहे त्या नावांकडे वळू. त्यांतील सर्वांत मोठे कुटुंब ग्रीक 'दोरोन' या शब्दाचे आहे. 'दोरोन' म्हणजे भेट आणि 'थेओस' म्हणजे देव. हे दोन शब्द एका क्रमाने जोडले की दोरोते होते आणि उलट्या क्रमाने जोडले की तेओदोरा होते. अर्थ एकच, 'देवाने दिलेली भेट'. फ्रेंचमध्ये 'ट' नंतरचा 'ह' लिहिला जातो पण उच्चारला जात नाही, म्हणून मूळचा 'थ' तिथे 'त' असा ऐकू येतो.

याद्या करणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट नेमकी निसटते. ही दोन्ही नावे घरात लांब वाटतात, म्हणून ती तोडली जातात, आणि कुठे तोडले यावर अर्थाचे भवितव्य ठरते. तेआ असे लघुरूप घेतले तर हाती फक्त देवाचा भाग उरतो आणि भेट गळून पडते. ग्रीकमध्ये स्वतंत्रपणे 'थेआ' म्हणजे देवी. याउलट दोरा असे लघुरूप घेतले तर देव बाजूला राहतो आणि केवळ भेट उरते. तुम्हाला देवाशिवायची देणगी हवी आहे, आणि ती या लहानशा नावात आयती मिळते. तेआ हे नाव 'ईश्वराची देणगी' म्हणून छापणारे लोक पूर्ण नावाचा अर्थ अर्ध्या नावाला देत असतात.

दोरा हे नाव फ्रान्सला परकेही नाही. छायाचित्रकार आणि चित्रकार दोरा मार यांचा जन्म १९०७ मध्ये पॅरिसमध्ये झाला. त्यांचे मूळ नाव आन्रिएत तेओदोरा मार्कोविच होते. मधल्या नावाचा अर्धा भाग त्यांनी पुढे कलाजगतातील नाव म्हणून धारण केला. पिकासोच्या अनेक चित्रांतील चेहरा त्यांचा आहे, पण केवळ तेवढीच ओळख सांगणे त्यांच्या छायाचित्रांवर अन्याय करणारे ठरेल.

दोरीन हे आणखी एक रूप याच कुटुंबातले मानले जाते. मोलिएरच्या 'तार्त्यूफ' या १६६४ मधील नाटकातील स्पष्टवक्ती दासी दोरीन हीच आहे. घरातील सगळ्यांना ढोंगी माणसाचे खरे रूप आधी तीच सुनावते, त्यामुळे शिकलेल्या फ्रेंच माणसाला हे नाव ऐकून तल्लख जिभेची मुलगी आठवते. मला तरी हा गुण वाटतो.

दोरिआन मात्र या घरातली नाही. तिचा संबंध प्राचीन ग्रीसमधील 'डोरियन' जमातीशी आहे. फ्रेंच कानाला तिच्यात 'दोरे', म्हणजे 'सोनेरी', हा शब्दही ऐकू येतो. तोही व्युत्पत्तीने तिच्याशी संबंधित नाही. दोरिस या नावाचेही तसेच.

नाव 'तेओद' अशा अक्षरांनी सुरू झाले की त्यात देव असणारच, हा दुसरा सापळा आहे. शार्लमेन सम्राटाच्या तेओद्राद नावाच्या मुलीचे उदाहरण घ्या. तिच्या नावातील पहिला भाग जर्मानिक असून त्याचा अर्थ 'लोक' किंवा 'जन' असा आहे. दिसायला ग्रीक, रक्ताने फ्रँक, म्हणजे जर्मानिक. मातिल्दची कथा अशीच आहे: 'देवाची देणगी' असा अर्थ असलेल्या मात्यू या मुलाच्या नावाशी तिचे साम्य केवळ अक्षरांचे असून तिचे दोन्ही भाग जर्मानिक आहेत, एक 'सामर्थ्य' आणि दुसरा 'युद्ध'. देणगी शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती तलवार यावी, असा तो प्रकार आहे.

झिझेलचा अर्थ 'तारण' किंवा 'ओलीस' असा आहे. मध्ययुगात तह पाळला जाईल याची हमी म्हणून सरदारांची मुले दुसऱ्याच्या दरबारी ठेवली जात, त्या प्रथेशी या शब्दाचे नाते आहे. दिलेले माणूस असे म्हणायचेच असेल तर म्हणा, पण भेट आणि तारण यांत जो फरक सावकाराला कळतो तो आपल्यालाही कळायला हवा.

पारिजातक यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु दोरोते या नावाविषयी फ्रान्समध्ये राहणाऱ्या माणसाने थोडे सावध करावे असे वाटते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते सर्वांत निर्दोष नाव आहे. सामाजिक दृष्टीने मात्र त्यावर एका काळाचा ठसा आहे. १९७० च्या दशकात आणि त्याच्या आगेमागे ते मुलींना विशेष दिले गेले. त्यानंतर १९८७ ते १९९७ या काळात तेएफ १ या वाहिनीवरील 'क्लब दोरोते' हा मुलांचा कार्यक्रम इतका गाजला की, आज चाळिशीच्या आसपास असलेल्या फ्रेंच माणसाला हे नाव ऐकताच संत नव्हे, तर दूरचित्रवाणीवरील सूत्रधार आणि जपानी कार्टून आठवतात. गंमत म्हणजे, त्या सूत्रधार बाईंचे ते खरे नावही नव्हे; ते त्यांनी मंचासाठी घेतलेले आहे. तुमच्या मुलीच्या वयाच्या मुलांना यातले काहीच ठाऊक नसेल, पण तिच्या शिक्षकांना असेल. हा दोष आहे की आपुलकी, ते तुम्ही ठरवा. माझ्या मते नाव अजून पुरेसे जुने झालेले नाही. आजीच्या पिढीचे नाव पुन्हा ताजे वाटू लागते, आईच्या पिढीचे मात्र सहसा वाटत नाही. फ्रान्समध्ये झान आणि झोझेफिन ही नावे पुन्हा आवडीने ठेवली जात आहेत आणि नाताली नाही, यामागे हेच कारण दिसते. नाताली हे १९६० च्या दशकात तिथले सर्वाधिक ठेवले जाणारे मुलींचे नाव होते.

दोरोतेच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. या नावाच्या संतिणीची आख्यायिकाच मुळी भेटीची आहे. कापादोकियातील (आजच्या तुर्कस्तानातील) सिझेरिया येथे तिला वधासाठी नेले जात असताना थेओफिलुस नावाच्या माणसाने "तुझ्या स्वर्गातील बागेची फळे-फुले मला पाठव" अशी टवाळी केली आणि भर हिवाळ्यात एक मूल सफरचंदे व गुलाब घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले, असे सांगतात. म्हणून चित्रांत तिच्या हाती फळाफुलांची टोपली असते. तिचा पारंपरिक दिवस ६ फेब्रुवारी. पण १९६९ मध्ये रोमन चर्चच्या सर्वसाधारण दिनदर्शिकेतून तो वगळण्यात आला आणि घरोघरी टांगल्या जाणाऱ्या फ्रेंच दिनदर्शिकेत त्या तारखेपुढे गास्तों हे नाव छापलेले असते.

इतिहासात हे नाव वजनदार स्त्रियांनी मिरवले आहे. कूरलांदची (आजच्या लाटव्हियातील प्रदेशाची) दोरोते, म्हणजे पुढची डचेस ऑफ दिनो, ही तालेराँ या मुत्सद्द्याच्या पुतण्याची पत्नी होती आणि व्हिएन्ना येथील १८१४-१५ च्या परिषदेत तालेराँच्या घरची यजमानीण म्हणून तिने मोठी भूमिका बजावली. जाता जाता, दोरोते हे पूर्वी पुरुषांचेही नाव होते. सहाव्या शतकातील गाझाचे दोरोते हे मठवासी साधू होते. आज मात्र ते केवळ मुलींचे मानले जाते.

नदीकाठ यांचे उत्तर

ग्रीक नावांचीच चर्चा चालली आहे, म्हणून लॅटिन बाजू मांडतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर दोनासिएन हे आहे.

लॅटिनमधील 'दोनातुस' म्हणजे 'दिलेला'. त्यावरून दोनातिआनुस, त्यावरून फ्रेंच दोनासिएँ आणि स्त्रीलिंगी रूप दोनासिएन. लिहिताना 'ती' आणि बोलताना 'सि', हे फ्रेंच वळण लक्षात ठेवावे लागेल. या नावात देवाचा उल्लेख नाही, तुम्हाला हवे तसेच. आणि ते पुस्तकी नसून फ्रान्सच्या मातीतले आहे. नांत शहरात दोनासिएँ आणि रोगासिएँ हे दोन भाऊ रोमन काळातील छळात हुतात्मे झाले. त्यांना तिथे 'नांतची मुले' असे म्हणतात आणि त्यांच्या नावाची बॅसिलिका त्या शहरात उभी आहे. यातले रोगासिएँ हे नाव 'रोगातुस', म्हणजे 'मागितलेला', यावरून आलेले आहे. एक भाऊ मागितलेला आणि दुसरा दिलेला! कोण्या आईवडिलांनी ही जोडी जाणूनबुजून ठेवली असेल की नाही, कोण जाणे, पण नावांच्या इतिहासात इतकी नेटकी जोडी मला दुसरी आढळलेली नाही.

शिवाय ज्या दिनदर्शिकेने दोरोतेला जागा दिली नाही, तिच्यात २४ मे या तारखेपुढे दोनासिएँ आजही छापलेला असतो. नामदिवस, म्हणजे दिनदर्शिकेत आपले नाव असलेला दिवस, साजरा करण्याची हौस सासरच्या मंडळींना असेल, तर मुलीला त्या दिवशी हक्काने शुभेच्छा मिळतील.

उणी बाजूही सांगतो, नाहीतर ती दुसरे कोणी सांगेल. लैंगिक क्रौर्याच्या लेखनामुळे कुप्रसिद्ध झालेला लेखक मार्की द साद याचे पहिले नाव दोनासिएँ होते आणि वाङ्मयाचा अभ्यास केलेल्या एखाद्या पाहुण्याला ते आठवल्याशिवाय राहणार नाही. त्यावर उत्तर म्हणून रोशांबो तयार ठेवा. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे फ्रेंच सैन्याचे नेतृत्व करणाऱ्या या सेनानीचे नाव झां-बातिस्त दोनासिएँ असे होते. स्त्रीलिंगी रूप ऐकताना थोडे खानदानी, थोडे पश्चिम फ्रान्समधले वाटते. ते दुर्मीळ आहे, पण कोणाला स्पेलिंग विचारावे लागेल इतके अनोळखी नाही.

शब्दमूळ यांचे उत्तर

दोनासिएनची बाजू नदीकाठ यांनी इतकी चांगली मांडली आहे की मी तिला विरोध करणार नाही. लॅटिनमधील आणखी एक शाखा मात्र राहून गेली, आणि ती या प्रश्नकर्तीला विशेष भावेल असे वाटते.

'देओदातुस' म्हणजे 'देवाने दिलेला'. यातील 'देउस' आणि आपला 'देव', 'दातुस' आणि आपला 'दत्त' हे शब्द भाषाकुलाच्या दृष्टीने सख्खे आहेत. म्हणजे देओदातुस हा शब्दशः, आणि वंशानेही, देवदत्तच होय. (ग्रीक 'थेओस' मात्र 'देव' या शब्दाचा नातेवाईक नाही, दिसायला कितीही जवळचा वाटला तरी.) फ्रेंचमध्ये त्याचे देओदा असे रूप झाले आणि पूर्व फ्रान्समधील व्होज भागातील सां-दिए या गावाचे नाव त्याच नावाच्या संतावरून पडले आहे. स्त्रीलिंगी देओदात हे अतिशय विरळ आहे.

हाच अर्थ साध्या फ्रेंचमध्ये सांगायचा तर दिएदोने होतो. चौदाव्या लुईच्या नावाला हे जोडले गेले, कारण त्याच्या आईवडिलांचा विवाह १६१५ मध्ये झाला आणि तो जन्मला ५ सप्टेंबर १६३८ रोजी, म्हणजे जवळजवळ तेवीस वर्षांनी. दीर्घ प्रतीक्षेनंतर झालेल्या अपत्याला 'देवाने दिलेला' म्हणण्याची ही पद्धत आपल्याला समजावून सांगायला नको. दिएदोने याचे स्त्रीलिंगी रूप शेवटी एक मुके अक्षर वाढवून होते, उच्चार तोच राहतो. फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकी देशांत हे नाव आजही आपुलकीने ठेवले जाते. फ्रान्समध्ये मात्र त्या नावाने मंचावर येणारे एक विनोदकार न्यायालयीन प्रकरणांमुळे इतके गाजले आहेत की, मुलीसाठी मी ते सुचवणार नाही.

हिब्रू शाखेत नातानाएल हे नाव सरळसरळ 'देवाने दिले' असे वाक्यच आहे. मुलीसाठी लिहिताना शेवटी एक 'ल' आणि मुका 'ई' जास्त लागतो, पण उच्चार मुलाच्या नावासारखाच राहतो, त्यामुळे दूरध्वनीवर प्रत्येक वेळी 'श्रीयुत' म्हणून संबोधले जाण्याची तयारी ठेवावी लागेल. मात्यू या नावाचा अर्थही 'याहवेची देणगी' असा आहे आणि त्याच्या मुळावरून केलेले मातेआ हे स्त्रीलिंगी रूप तरुण, सुटसुटीत आणि अर्थाला धरून आहे. इटालियन धाटणी चालत असेल तर ते जरूर विचारात घ्या.

झान आणि आन यांचे मूळ एकच आहे, हिब्रूतील 'कृपा करणे' हे क्रियापद. कृपा म्हणजे न मागता, न कमावता मिळालेली गोष्ट, असे ख्रिस्ती धर्मशास्त्र सांगते, म्हणून 'देणगी' हा अर्थ तिथवर ताणता येतो. पण तो शब्दाचा अर्थ नव्हे, त्यावरील भाष्य होय. झोझेफिनचा अर्थ 'तो भर घालील' असा आहे. पहिल्या मुलीला ते ठेवले तर दुसऱ्या अपत्याची वाट आताच पाहायला लागल्यासारखे होईल.

दूरदेशी यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. तेआ या नावावर आमचे जवळजवळ शिक्कामोर्तब झाले होते. ते आता मागे पडले आहे. दोरा आणि दोनासिएन ही दोन नावे काल रात्री बराच वेळ मोठ्याने म्हणून पाहिली.

आणखी दोन शंका आहेत. इझादोरा आणि पांदोरा या नावांतही 'दोरा' आहे, तर त्यांचा अर्थ काय धरावा? आणि यजमान अर्धवट थट्टेने म्हणतात की, इतकी खटपट करण्यापेक्षा 'कादो', म्हणजे भेटवस्तू, हेच नाव ठेवू. असे करता येते का? नोंदणीचे नियम नेमके काय आहेत?

पारिजातक यांचे उत्तर

इझादोरा म्हणजे 'इसिसची भेट'. इसिस ही इजिप्तची देवी. म्हणजे देव आहेच, फक्त पत्ता बदलला. पुरुषांचे इझिदोर हे नाव दिनदर्शिकेत ४ एप्रिलला आहे. इझादोरा ऐकताच सर्वांना नर्तिका इझाडोरा डंकन आठवते, जिचा मृत्यू १९२७ मध्ये नीस येथे मोटारीच्या चाकात गळ्यातील रुमाल अडकून झाला. नाव मोहक आहे, आठवण तितकी नाही.

पांदोरा म्हणजे 'सर्वांच्या भेटी लाभलेली'. प्रत्येक देवतेने तिला काही ना काही दिले, असे प्राचीन ग्रीक कवी हेसिओड सांगतो. पुढे तिने बंद भांडे उघडले आणि जगभर संकटे पसरली, ते सर्वांना ठाऊक आहे. फ्रेंचमध्ये या नावाचे रूप पांदोर असे होते आणि जुन्या बोलीभाषेत 'पांदोर' म्हणजे पोलीस शिपाई. एवढे सगळे मुलीच्या खांद्यावर कशाला?

याच प्रकारचे एउदोरा हे नाव मात्र निरुपद्रवी आहे. 'चांगली भेट' असा त्याचा अर्थ असून ते ग्रीक पुराणातील हायडीझ भगिनींपैकी एकीचे आहे. फ्रान्समध्ये ते क्वचितच आढळते.

सहप्रवासी यांचे उत्तर

एक छोटी भर. मगरेबी, म्हणजे मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया इकडच्या, वंशाच्या अनेक फ्रेंच कुटुंबांत हिबा हे नाव ठेवले जाते. अरबीत त्याचा अर्थ 'भेट' किंवा 'दान' इतकाच आहे, ना मागे काही, ना पुढे काही. फ्रेंचमध्ये 'ह' मुका असल्यामुळे बाहेर ते 'इबा' असे ऐकू येईल. फ्रेंच नाव म्हणजे केवळ संतांच्या यादीतील नाव असे तुम्ही मानत नसाल, तर अर्थाच्या शुद्धतेत याला तोड नाही.

मध्यरेषा यांचे उत्तर

नोंदणीविषयी सांगतो. १८०३ च्या कायद्याने फ्रान्समध्ये निरनिराळ्या दिनदर्शिकांत आढळणारी आणि प्राचीन इतिहासातील व्यक्तींची नावेच ठेवता येत असत. ८ जानेवारी १९९३ च्या कायद्याने ही चौकट काढून टाकली आणि निवड आईवडिलांवर सोपवली. आता नगरपालिकेतील जन्मनोंदणी अधिकारी नाव नाकारू शकत नाही. तो ते नोंदवून घेतो. मात्र नाव मुलाच्या हिताविरुद्ध आहे असे वाटल्यास तो सरकारी वकिलाला कळवतो आणि प्रकरण कौटुंबिक न्यायाधीशापुढे जाऊ शकते. व्हालांसिएन येथील न्यायालयाने 'फ्रेज', म्हणजे स्ट्रॉबेरी, हे मुलीचे नाव थट्टेला कारण होईल म्हणून अमान्य केले आणि आईवडिलांनी त्याऐवजी फ्रेझीन हे जुने नाव घेतले. 'कादो' या नावाला हाच धोका आहे. वर्गातील प्रत्येक वाढदिवसाला तिची थट्टा होणार, हे सांगायला न्यायाधीशाची गरज नाही.

जन्माची नोंद जन्मस्थळाच्या नगरपालिकेत, जन्माचा दिवस सोडून पाच दिवसांच्या आत करावी लागते. पूर्वी ही मुदत तीन दिवसांची होती. म्हणजे नावाचा निर्णय बाळ घरी येण्याआधीच झालेला बरा.

अक्षरांवरील चिन्हे हा स्वतंत्र विषय आहे. दोरोते आणि तेओदोरा यांतील 'ई' या अक्षरावरील तिरकी रेघ किंवा नातानाएलमधील 'ई' वरचे दोन ठिपके ही फ्रेंच लेखनाची मान्य चिन्हे असल्यामुळे २०१४ च्या परिपत्रकानुसार जन्मदाखल्यात घेता येतात. अर्जावर ती स्वतः स्पष्ट लिहा आणि दाखला हाती आल्यावर तिथेच तपासा; नंतर दुरुस्ती करून घेणे शक्य असले तरी कटकटीचे असते. दोरा आणि दोनासिएन यांत मात्र एकही चिन्ह नाही.

दूरदेशी यांचा प्रतिसाद

'कादो' रद्द, असे घरात जाहीर केले आहे. आता शेवटचे विचारते. दाखल्यावर तेओदोरा लिहून घरी व शाळेत दोरा म्हणायचे, की दाखल्यावर सरळ दोरा लिहायचे? आणि दोनासिएन हे नाव सोडवत नाही, त्याचे काय करावे?

मध्यरेषा यांचे उत्तर

घरात तुम्ही काहीही म्हणू शकता. अधिकृत वापरासाठी मात्र नियम असा आहे की, जन्मदाखल्यात नोंदवलेल्या नावांपैकी कोणतेही एक नाव नेहमीच्या वापराचे म्हणून निवडता येते. दोरा हे तेओदोराचे लघुरूप असले तरी दाखल्यात ते नसेल, तर कार्यालयांच्या दृष्टीने ते टोपणनाव ठरते. म्हणून दोरा हेच वापरायचे असेल तर ते स्वतंत्रपणे लिहून घ्या.

एकाहून अधिक नावे देण्याची मोकळीक आहेच, तेव्हा दोनासिएन दुसऱ्या स्थानी सहज बसेल. फक्त दोन्ही नावांमध्ये स्वल्पविराम हवा. तिथे जोडरेघ आली तर दोरा-दोनासिएन असे एकच जोडनाव तयार होईल आणि ते प्रत्येक कागदावर संपूर्ण लिहावे लागेल.

नदीकाठ यांचे उत्तर

क्रम उलटा केला तरी चालेल, एवढेच सुचवतो. दोनासिएन पहिले आणि दोरा दुसरे ठेवले, तर मोठेपणी तिला स्वतःला निवड करता येईल. कायदा दोन्ही वेळी सारखाच आहे.